जेवणानंतर गप्प बसणारी मशीन

२००६ साल. मी चोपन्न वर्षांचा होतो आणि लोअर परळला एका टॉवरच्या खड्ड्यावर फिटरचं काम करत होतो. हे सांगितलं की लोक लगेच विचारतात, तुमच्याच मिलच्या जागेवर का हो? नाही. आमची मिल तीन रस्ते पलीकडे होती आणि तिच्या आवारात तेव्हा नुसतं गवत उगवलं होतं. ही दुसरी मिल. प्रत्येकाला स्वतःच्याच घराचा पाया उपसायला मिळतो असं नाही.

मी चौथी शिकलेला. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी चुका काढायला नकोत. ब्याऐंशीच्या संपापर्यंत मी साचेखात्यात होतो, चार साचे चालवायचो. साचा म्हणजे कापड विणायचा माग. संपानंतर बारा कामं केली, त्यातली अकरा मनाविरुद्ध. बारावं हे. माती उपसणारी मोठी मशीन असते, जिला सगळे पोकलेन म्हणतात, तिचं ग्रीस, ऑइल, पाइप, वायरी बघायच्या. कुणी शिकवलं नाही. बघून शिकलो.

त्या मे महिन्यात आमची एक पोकलेन रोज दुपारी बंद पडत होती. सकाळी आठ ते एक उत्तम चालायची. एक ते दोन जेवण. दोननंतर, कधी अडीचला तर कधी तीनला, समोरचा स्क्रीन काळा व्हायचा, भोंगा वाजायचा, इंजिन आपोआप मंद व्हायचं आणि मशीनचा हात जिथे असेल तिथे हवेत थांबायचा. किल्ली फिरवून बंद केली, थोडं थांबलं, की परत चालू. मग परत बंद. कंपनीचा इंजिनीयर लॅपटॉप घेऊन दोनदा आला. दोन्ही वेळा सकाळी आला. सकाळी मशीनला काही झालेलंच नसायचं. दुसऱ्या वेळी जाताना तो म्हणाला, "मशीन ठीक आहे. ऑपरेटर बघा."

ऑपरेटर होता विलास. चव्वेचाळीस वर्षांचा, डिलाइल रोडच्या चाळीत राहणारा. संपाच्या आधी तो सूतखात्यात बदली कामगार होता. म्हणजे रोज सकाळी गेटवर उभं राहायचं, कुणी गैरहजर असला तर त्याच्या जागी काम मिळायचं, नाहीतर घरी. पर्मनंट तो आयुष्यात पहिल्यांदा झाला तो ह्या खड्ड्यावर. वर्षातून एकच सुट्टी मागायचा, चौदा एप्रिलची. असा माणूस.

साइटचे साहेब त्याला सगळ्यांसमोर म्हणाले, "जेवण झालं की झोप येते काय रे? तुम्ही मिलवाले. मशीन बंद करायची सवयच आहे तुम्हाला."

विलास खाली मान घालून उभा राहिला. मी ते ऐकलं आणि मीही काही बोललो नाही.

साहेबांनी ठरवलं, अजून एका माणसाला बोलावू. त्याने संध्याकाळपर्यंत दोष दाखवला तर ठीक, नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला विलासने राजीनाम्यावर सही करायची. त्या माणसाबद्दल मी हे लिहितो आहे. नाव लिहीत नाही. त्यांना ते आवडलं नसतं.

टेलिफोन खात्यात जमिनीखालच्या केबली सांधायचं काम करून ते रिटायर झालेले. वय त्रेसष्ट-चौसष्ट, राहणार गिरगाव. पांढरा शर्ट, पांढरी पँट, कॅनव्हासचे बूट. खड्ड्यात उतरताना पांढरं घालू नये असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. "डाग पडला की कळतं, आपण कुठे घासलो ते," असं त्यांचं उत्तर. खांद्याला शबनम, काखेत घडीचं लाकडी स्टूल, हातात छत्री. शबनममध्ये एक मीटर, एक वही आणि हाताएवढा जुना रेडिओ.

साहेब म्हणाले, "लॅपटॉप कुठाय?"

"माझ्याकडे नाही."

"मग कळणार कसं?"

"विचारून," ते म्हणाले. मशीनसमोर स्टूल उघडलं, छत्री उघडली आणि बसले. तासभर बसले.

पहिला तास मशीनला हात लावायचा नाही हा त्यांचा नियम. पुढे सहा वर्षं मी सुट्टीच्या दिवशी त्यांच्या मागे फिरलो, पनवेलपासून भाईंदरपर्यंत. तो नियम त्यांनी एकदाही मोडला नाही. कंत्राटदार डोकं धरायचे. एकाने तर त्यांच्यासमोर घड्याळ काढून ठेवलं. ह्यांनी ते उलटं करून ठेवलं. मी कारण विचारलं तर म्हणाले, "आपण आलो की मशीनभोवतीची माणसं घाबरतात. घाबरलेला माणूस चुकीचं सांगतो. तासाभराने तो कंटाळतो. कंटाळला की खरं सांगतो."

त्यांच्यासमोर "मशीन खराब झाली" म्हणायची सोय नव्हती. "खराब म्हणजे काय? दूध आहे का?" असं विचारायचे. त्यांच्या हिशोबात आजार तीनच. मुका, बहिरा आणि वाचाळ. मशीनमधला एखादा कॉम्प्युटर बोलत नाही तो मुका. ज्याला दुसऱ्याचं ऐकू येत नाही तो बहिरा. आणि जो अखंड बडबड करून इतरांना बोलूच देत नाही, तो वाचाळ. "वाचाळ सगळ्यात वाईट," म्हणायचे. "आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर एक आहे. त्याचा फ्यूज कुठे असतो ते चाळीस वर्षं शोधतोय."

चाळीचीच उपमा देऊन त्यांनी मला ही सगळी विद्या समजावली. मला साचेवाले म्हणायचे, आणि कायम अहोजाहो. "हे बघा साचेवाले, ह्या मशीनमध्ये चार कॉम्प्युटर राहतात. इंजिनाचा, पंपाचा, स्क्रीनचा आणि केबिनचा. चौघांना मिळून गॅलरी एकच. गॅलरी म्हणजे ह्या दोन वायरी, पिवळी आणि हिरवी. ज्याला बोलायचं त्याने गॅलरीत येऊन बोलायचं. सगळ्यांना ऐकू जातं. ज्याचं काम असेल त्याने ऐकायचं, बाकीच्यांनी सोडून द्यायचं."

"आणि दोघे एकदम बोलले तर?"

"ज्याचा नंबर लहान तो बोलतो, दुसरा गप्प बसतो. नंतर आपलं बोलतो. रुसणं नाही, फुगणं नाही. चाळीपेक्षा चांगली व्यवस्था आहे."

गॅलरीच्या दोन टोकांना एकेक रेझिस्टन्स बसवलेला असतो. मशीन बंद करून त्या दोन वायरींना मीटर लावला की आकडा साठ यायला हवा. एकशेवीस आला तर एक टोक तुटलेलं. शून्याजवळ आला तर वायरी एकमेकींना चिकटलेल्या. साठ आला की ते खूश. बिहारकडची ऑपरेटर मंडळी त्यांना साठवाले बाबा म्हणायची. घरून निघताना बस स्टॉपवर कुणी "कसं काय?" विचारलं तरी म्हणायचे, "साठ." विचारणाऱ्याला वाटायचं वय सांगतायत.

मोबाइल सहा वेळा वाजल्याशिवाय उचलायचे नाहीत. "समोरच्याला खरंच काम आहे का ते कळू दे." उचलल्यावर हॅलो नाही. "ऐकतोय," एवढंच. बोलून झालं की "संपलं?" आणि फोन बंद. टेलिफोन खात्यात हयात काढलेला माणूस, पण घरी फोन घेतला नव्हता. लग्न केलं नाही. खोलीत एक खाट, एक स्टो, आणि खुंटीला टांगलेली वेगवेगळ्या केबलींची वेटोळी, लोक माळा लावतात तशी. रविवारी सकाळी शिवाजी पार्कला जायचे. कट्ट्यावर रिटायर झालेली मंडळी असतात, बँकेतली, कॉलेजातली. त्यांच्यात कुणीतरी विचारायचं, आपण काय करता? "गप्प बसलेल्यांना बोलतं करतो," हे उत्तर. मंडळींना वाटायचं, मानसोपचारवाले असतील. दोन-तीन जणांनी सुनांच्या तक्रारीसुद्धा सांगितल्या. ह्यांनी शांतपणे ऐकल्या आणि प्रत्येकाला एकच सल्ला दिला, "तक्रार करणारा नेहमी बरोबर असतो असं समजू नका."

हे त्यांचं आवडतं सूत्र. मशीनच्या स्क्रीनवर आकड्यांत एक कोड येतो, अमुक बोलत नाही, तमुक उत्तर देत नाही. लोक कोड वाचून तो भाग बदलतात. भाईंदरला एका साइटवर स्क्रीन सांगत होता, पंप बोलत नाही. तिथल्या लोकांनी पंपाचा कॉम्प्युटर बदलला. मग स्क्रीन म्हणाला, इंजिन बोलत नाही. तोही बदलणार होते. हे गेले, तासभर छत्रीखाली बसले, मग ऑपरेटरला विचारलं, "अंघोळीचा टॉवेल कुठे वाळत घालता?" तो ओशाळून म्हणाला, "स्क्रीनच्या मागे." मागचा प्लग काढला तर आतल्या पिना पाण्याने हिरव्यागार. पंप बोलत होता, इंजिन बोलत होतं. बहिरा होता स्क्रीन. सगळ्यांवर आळ घेत होता तो हाच. मशीनवर सूचना लिहून चिकटवण्याऐवजी ह्यांनी त्या ऑपरेटरला केबिनबाहेर एक खिळा स्वतः ठोकून दिला. टॉवेलसाठी.

असे ते. आता त्या दिवशीचं सांगतो.

साधारण तास झाला. विलास समोरच्या दगडावर बसून कंटाळला होता. मी पाना हातात घेऊन उगाच उभा. त्यांनी वही उघडली.

"जेवून आल्यावर पहिलं काय करता?"

"मशीन चालू करतो."

"त्याच्या आधी?"

"वर चढतो. बसतो."

"दार?"

"लावतो."

"ह्या उन्हात दार लावून? आत माणूस शिजेल."

विलासने साहेबांच्या केबिनकडे पाहिलं. मग आवाज खाली करून म्हणाला, "एसी लावतो. साहेबांना सांगू नका. डिझेल जातं म्हणून एसीला परवानगी नाही."

"सकाळी लावता?"

"सकाळी वारा असतो. उकाडा वाढला तसा दुपारीच लावायला लागलो. फुल करतो."

त्यांनी वहीत एक शब्द लिहिला. विलासने कंपनीच्या इंजिनीयरला हे सांगितलं नव्हतं, मलाही नाही. मग ते माझ्याकडे वळले.

"ह्या मशीनच्या वायरिंगला मधल्या काळात कुणी हात लावलाय?"

"नाही," मी म्हटलं.

हे खोटं होतं. मशीन बंद पडायला लागली त्याच्या आठवडाभर आधी केबिनच्या तळाला उंदराने त्या पिवळ्या-हिरव्या वायरी कुरतडल्या होत्या. मशीन सुरूच होईना. मी पत्रा खोलला आणि दोन हात लांबीचा तुकडा बदलला. कुणाला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काय होतं? फिटरचं कामच ते. जुन्या वायरी एकमेकींना वेढलेल्या होत्या. पहिल्यापासून शेवटपर्यंत वेढे. मला तो गुंता वाटला. साच्यावर सुताच्या हजारो तारा शेजारी शेजारी ताणलेल्या असतात. दोन तारा एकमेकींना वेढल्या की कापडात दोष पडतो आणि जॉबर, म्हणजे खात्यातला मुकादम, आईवरून शिव्या घालतो. माझे हात त्या शिस्तीत वाढलेले. मी नव्या वायरी घेतल्या, सरळ केल्या, एकीपासून दुसरी बोटभर लांब ठेवली. बाजूने एक जाड केबल सरळ गेलेली होती, तिच्या आधाराने दोन्ही मेणदोऱ्याने बांधल्या, वीत-वीत अंतरावर, साच्यावरची गाठ मारून. मग सगळ्यावर काळी पट्टी गुंडाळली. मिल सुटल्यापासून इतकं देखणं काम मी केलं नव्हतं.

नंतर मशीन बंद पडायला लागली तेव्हा मनात शंका आली का? आली. पण सकाळी चालते म्हणजे वायर बरोबर आहे, असं मी स्वतःला रोज सांगत होतो. आणि विलासला साहेब बोलले तेव्हा गप्प राहिलो.

त्यांनी मीटर लावला. साठ आला. दरवेळी साठ आल्यावर खुलणारा चेहरा त्या दिवशी पडला. साठ आला म्हणजे सोपा दोष नाही, हे मला त्या वेळी कळलं नाही, पुढे कळलं. "वायरी तुटलेल्या नाहीत," ते म्हणाले. "गॅलरी शाबूत आहे. मग दुपारी गॅलरीत कोण ओरडतं?"

दोन वाजता विलासला त्यांनी वर बसवलं. दार लावलं, एसी फुल. साहेबही आले होते. एसीचं गुपित आता राहिलं नाही. साहेबांनी भुवया वर केल्या, पण तेव्हा काही बोलले नाहीत. ह्यांनी शबनममधून रेडिओ काढला. त्यावर कुठलंही स्टेशन लावलेलं नव्हतं, नुसती खरखर. तो कानाशी धरून मशीनभोवती हळूहळू फिरले. इंजिनाशी खरखर, बॅटरीशी खरखर. केबिनच्या तळाशी आले आणि बाटलीत माशी अडकावी तसा रेडिओ घोंगावला. विलासला खूण केली, त्याने एसी बंद केला. घोंगावणं बसलं. परत चालू. परत घोंगावला.

"पत्रा खोला," ते मला म्हणाले.

मी खोलला. दुसरं कोण खोलणार? फिटर मीच. काळी पट्टी त्यांनी स्वतः ब्लेडने कापली. आत माझं काम. ते गुडघ्यावर बसले. चष्मा काढला, पुसला, परत लावला. अंगठ्याने एका गाठीवरून हात फिरवला. मग दुसऱ्या. वर माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

गाठी सोडवल्या, एक लाकडाची फळी मागितली आणि ती मध्ये अडकवून दोन्ही वायरी त्या जाड केबलीपासून वीतभर दूर ठेवल्या. विलासने एसी फुल ठेवून तासभर माती उपसली. काही झालं नाही. फळी काढली, वायरी परत केबलीला टेकवल्या. वीस मिनिटांत स्क्रीन काळा, भोंगा, हात हवेत.

साहेब म्हणाले, "काय आहे हे?"

"ही जाड केबल बॅटरी चार्ज करते," त्यांनी सांगितलं. "एसी फुल लावला की हिच्यावर भार येतो आणि ही आवाज करते. आपल्याला ऐकू येत नाही, शेजारच्या वायरींना येतो. म्हणून त्या दोन वायरी एकमेकींना वेढलेल्या ठेवतात. वेढलेल्या असल्या की बाहेरचा गोंगाट दोघींच्या कानात सारखाच जातो, आणि ऐकणारा फक्त दोघींतला फरक ऐकतो. टेलिफोनच्या तारासुद्धा तशाच असतात. ह्या सरळ केल्या, लांब ठेवल्या आणि गोंगाट करणाऱ्याच्या गळ्यात बांधल्या. मग काय होणार? एसी नसला की ठीक. एसी लावला की चौघांपैकी कुणालाच काही ऐकू येत नाही."

"म्हणजे कुणीतरी छेडछाड केली."

"कुणीतरी सांधा केला. मनापासून केला. चुकीचा केला."

"कुणी?"

"आमच्या खात्यात आम्ही काही जण सांध्याच्या आत आपल्या नावाची चिठ्ठी ठेवायचो. उद्या बिघडलं तर शिव्या कुणाला घालायच्या ते कळायला. ह्यात चिठ्ठी नाही."

ते सहज बोलले होते, पण साहेबांनी तेवढंच उचललं. "नाव नाही म्हणजे चोरून केलंय." विलासकडे वळले. "मशीन तुझ्या ताब्यात. तूच कापलीस, तूच जोडलीस. वर माझ्या डिझेलवर एसीची हवा खातोस."

"साहेब, मला वायरीतलं काही कळत नाही हो. आईशप्पथ."

"ह्याचं काम नाही हे," स्टुलाची घडी करत ते म्हणाले.

"मग कुणाचं?"

"ज्याने केलं तो सांगेल. मी दोष सांगतो, नाव सांगत नाही."

"मग मला जे दिसतंय ते दिसतंय," साहेब म्हणाले. "विलास, उद्या नऊला ये. कागद तयार असेल."

विलास मशीनवर चढला, आपला डबा आणि पाण्याची बाटली घेऊन खाली उतरला. दार नीट लावलं. किल्ली माझ्या हातात दिली. "तात्या, ठेवा," म्हणाला. मी ठेवली.

गेटबाहेरच्या टपरीवर त्यांनी दोन चहा सांगितले. एक माझ्यासमोर सरकवला. मग म्हणाले, "गाठ सुरेख आहे. साच्यावरची ना?"

"हो," मी म्हटलं. तोंडातून गेल्यावर कळलं, काय बोललो ते.

त्यांनी मान डोलावली. "मला अशी येत नाही. शिकवा कधीतरी." चहा संपवला, काखेत स्टूल मारलं, आणि बस आली तशी चढून गेले.

लोक म्हणतील, त्यांनी तिथेच सांगायला हवं होतं. एका गरिबाची नोकरी जात होती. मलाही तसं वाटायचं. पुढे एकदा गिरगावात त्यांच्या खोलीवर मी तोंड उघडून विचारलं, "विलासची सही झाली असती म्हणजे?" ते वायरीचं वेटोळं खुंटीला अडकवत होते. म्हणाले, "कागद नऊला होता. साहेबांना मी साडेआठला फोन करणारच होतो. साडेआठपर्यंतची वेळ माझी नव्हती, साचेवाले."

त्या संध्याकाळी मी लालबागला घरी आलो तेव्हा बायको बोंबील साफ करत होती. "काय झालं?" म्हणाली. "काही नाही," म्हटलं. "तोंड बघा आरशात," म्हणाली आणि परत बोंबलांकडे वळली.

नोकरी जाईल ही भीती होतीच. चोपन्नाव्या वर्षी चौथी पास माणसाला तेरावं काम कोण देणार? पण खोटं कशाला सांगू, अडत होतं ते दुसरंच. संपात सगळं गेलं तेव्हा एक गोष्ट माझ्याकडे राहिली होती, हात. ह्या हाताला कुणी चुकीचा म्हणू नये, एवढ्यासाठी मी एका माणसाला बळी देत होतो. साहेब मिलवाल्यांना कामचुकार म्हणाले, त्याचा मला राग आला होता. आणि आता मीच त्यांच्या हातात पुरावा देऊन बसलो होतो. विलास वीस वर्षांचा असताना गेटवर उभा राहायचा, दुसऱ्याच्या गैरहजेरीची वाट बघत. आता चव्वेचाळीसाव्या वर्षी परत त्याला कुठल्यातरी गेटवर उभं करायचं होतं मला. नीट बांधलेल्या त्या दोन हात वायरीसाठी.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला मी साइटच्या गेटवर जाऊन थांबलो. आठच्या आधी विलास आला. इस्त्रीचा शर्ट घातला होता. राजीनाम्यावर सही करायलासुद्धा माणूस इस्त्री करून येतो, हे मला तेव्हा कळलं.

"तात्या, तुम्ही इतक्या लवकर?"

"ती वायर मी सांधली."

त्याला कळलंच नाही. "कुठली?"

"तीच. उंदराने खाल्ली होती. मी सांधली. काल मला विचारलं, तेव्हा मी नाही म्हटलं."

तो शिवी देईल असं वाटलं. दिली असती तर मी घेतली असती. पाठीमागून एक डंपर आला, आम्ही दोघे बाजूला झालो. डंपर आत गेला.

"रात्री घरी सांगून बसलो मी, तात्या," तो म्हणाला. "पोरांसमोर."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, त्याने तो झटकला नाही, धरलाही नाही. मग आम्ही आत गेलो. मी पुढे, तो मागे. साहेब केबिनमध्ये फोनवर बोलत होते. मला बघून त्यांनी हाताने थांबायची खूण केली. मी थांबलो नाही.